शिवणीवरचा मनोरा

बंदरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसांना बंदरासोबत फोटो काढून घ्यायचा असेल तर फोटो स्टुडिओत जावं लागे. ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण तेव्हा रीतच तशी होती. धक्क्यावर गोणी वाहायला कुणाचीही पाठ चालायची. त्याच पाठीमागे जहाज ठेवून कुणी कॅमेरा रोखला, की पहारेकरी शिट्टी फुंकत धावत यायचा. बंदर कचेरीने स्वतः काढलेले फोटो होते, तेव्हा फिल्मऐवजी काचेवर टिपत तसले, एकदम झकास. त्यांत जहाजं होती, जहाजांचे मालक होते, मालकांचे पाहुणे होते, पाहुण्यांच्या छत्र्यासुद्धा होत्या. जहाजं रिकामी करणारे तेवढे नव्हते. त्यांना बाजूला व्हा म्हटलं होतं आणि ते बाजूला झाले होते.

ही बाजूला झालेली माणसं सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून, केसांना तेल चोपडून, बंदराकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्टुडिओत यायची. स्टुडिओवाला त्यांना खुंटीवरचा कोट द्यायचा. कोट एकच. जाड्या माणसाला तो पुढून उघडा ठेवायचा, बारक्याला मागून टाचण्या लावायच्या. मग पडद्यासमोर उभं करायचं. पडद्यावर अख्खं बंदर रंगवलेलं. डावीकडे धुराड्यांचं मोठं जहाज, त्याच्या पलीकडे शिडांची गलबतं, आणि मागे शहर: जकात कचेरीचा घुमट, धान्याच्या गोदामाचं भलंमोठं अंग, आणि त्या दोघांच्या मधोमध एक उंच निमुळता मनोरा, वरती गोल सज्जा असलेला. हमालाची बायको, क्रेनवाला, खलाशी, भंगारवाला, सगळे आयुष्यात एकदा त्या मनोऱ्याखाली उभे राहून गेले. फोटो घरी चौकटीत गेला, भिंतीवर चढला आणि पुढच्या पिढ्यांना न्याहाळत बसला.

तो पडदा रंगवणारा माणूस म्हणजे पेंटर. त्याचं पाळण्यातलं नाव होतंच, पण ते कागदोपत्री. गल्लीत पेंटर म्हटलं की तोच. स्टुडिओ केव्हाच बंद पडला, स्टुडिओवाला गेला, पडदाही कुणी तरी छपरावर घालायला म्हणून नेला आणि उन्हापावसात संपवला. पेंटर मात्र स्टुडिओच्या मागच्या खोलीत राहिला. मालकाच्या बायकोने त्याला राहू दिलं. म्हणाली, "तुम्ही असलात की उंदीर तरी जरा दबकून राहतील." त्याची स्वतःची बायको वारली तेव्हापासून तो एकटाच. अजून दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात थरथरायचा, त्यामुळे अक्षरांना थंडी वाजल्यासारखी दिसायची; गिऱ्हाइकं म्हणायची, जुनी स्टाईल आहे.

त्याची एकुलती एक लेक बसमध्ये कंडक्टर. दिवसभर गर्दीला पुढे सरका, पुढे सरका म्हणून म्हणून तिचा आवाज खणखणीत झालेला, आणि घरातही तो तसाच निघायचा. ती नवऱ्याबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर राहायची आणि सुट्टी असली की बापाची झाडाझडती घ्यायला यायची. अलीकडे तिला दर वेळी काही ना काही सापडत होतं. एकदा रंगात घालायच्या सरसाचं भांडं गॅसवर ठेवून बाबा पाव आणायला गेले आणि पावाच्या रांगेत गप्पा मारत बसले; गल्लीभर धूर. एकदा कुणाच्या मयताला म्हणून गंभीर चेहरा करून गेले, तर मेलेल्यानेच दार उघडलं आणि चहाला बसवलं.

"चहा बरा होता का?" लेकीने विचारलं.

"साखर कमी होती."

"बाबा, मी हसत नाहीये."

"मग विचारलंस कशाला?"

तिने तेव्हाच सांगून टाकलं. "हे बघा, आता आणखी एक घोटाळा झाला ना, तर गाशा गुंडाळायचा आणि माझ्याकडे यायचं. तुमच्यासाठी खोली रिकामी करायला ह्यांना सांगितलंय. मला बसमध्ये तिकीट फाडताना सारखं वाटतं, इकडे आग लागली असेल."

लेकीचं घर वाईट नव्हतं. जावई तर गाईसारखा. पण त्या घरात टर्पेंटाइन चालणार नव्हतं, जावयाला शिंका यायच्या. ब्रश नाही, पाट्या नाहीत, खाली गल्ली नाही. पेंटरला स्वतःचं भविष्य स्पष्ट दिसत होतं: सोफ्याच्या कोपऱ्यातली उशी. कुणी आलं की उचलून बाजूला ठेवायची, गेलं की परत जागेवर. त्याने मनाशी गाठ बांधली, आता डोकं ताळ्यावर ठेवायचं. गॅस बंद केल्यावर तो तीन-तीनदा हात लावून बघू लागला. हात भाजला, पण गॅस बंद होता.

आणि नेमकं याच वेळी बंदर कचेरीला इतिहासाची उबळ आली.

जुन्या जहाजांचं आणि जुन्या शहराचं चित्रप्रदर्शन भरवायचं ठरलं. कचेरीने आपले काचेवरचे फोटो कपाटांतून काढले, पण हल्लीच्या काळात नुसते मालक आणि छत्र्या लावल्या तर लोक तोंडात शेण घालतात. म्हणून जाहीर झालं: नागरिकांनो, तुमच्या घरातले बंदराचे फोटो आणा. आणि नागरिक आले की! पिशवीत, टॉवेलमध्ये, साडीत गुंडाळून माणसं आपापले आजोबा घेऊन आली. प्रदर्शनाचं काम बघणारी मॅडम, चष्मा डोक्यावर ठेवून तो सगळीकडे शोधणारी, हे फोटो मांडत गेली आणि चक्रावत गेली. जो तो फोटो त्या मनोऱ्याचा. आणि कचेरीच्या एकाही काचेवर मनोरा नाही.

शेवटी कुणीतरी सांगितलं, पडदा रंगवणारा अजून जिवंत आहे. मॅडमने बोलावणं धाडलं. लेकीने रजा टाकली आणि बापाला इस्त्रीचा शर्ट घालून घेऊन गेली.

बंदर कचेरीच्या एका मोठ्या दालनात भिंतभर फोटो लागले होते. पेंटर आत आला आणि थबकला. सगळीकडे त्याचंच बंदर. मोठं केलेलं, छोटं केलेलं, पिवळं पडलेलं. फोटो देणाऱ्यांपैकी बरेच जण तिथेच घुटमळत होते. त्यांत रिटायर झालेला क्रेनवाला होता, पेंटरचा जुना दोस्त, कानाने अर्धा आणि जिभेने दीड.

मॅडमने विचारलं, "काका, एवढंच सांगा. हा मनोरा कसला होता? दिव्याचा? घड्याळाचा?"

"कसलाच नव्हता," पेंटर म्हणाला. "मनोरा नव्हताच."

"म्हणजे?"

पेंटरची छाती फुगली. इतक्या वर्षांनी कुणीतरी कामाचं विचारत होतं. "अहो, पडद्याला एवढं मोठं कापड कोण देणार? आम्ही जहाज मोडणाऱ्याकडून जुनं शीड घेतलं. ते मधोमध उभं फाटलेलं होतं. खलाशांनी दोरीएवढ्या जाड दोऱ्याने शिवलेलं. त्या शिवणीवर मी आभाळ रंगवलं तर आभाळाला वळ उठल्यासारखा दिसे. सफेद्याचे हात दिले, खळ भरली, काही होईना. मग म्हटलं, शिवण लपत नाही ना? मग तिची इमारतच करू. टाक्यांच्या विटा केल्या. वर कापडाला लोखंडी कडी होती, तिचा सज्जा केला. संपलं. आमच्या धंद्यात असंच असतं. डाग पडला की ढग, भोक पडलं की पक्षी."

क्रेनवाला असा हसला की त्याची कवळी सुटायची वेळ आली.

"पेंटर, तुझं डोकं फिरलं की काय रे! मनोरा नव्हता? मी क्रेनच्या खोक्यात बसून त्याच्याकडे बघत अर्धं आयुष्य काढलं. वारा किती आहे ते वरच्या निशाणावरून बघायचो. निशाण फडफडलं की माल उचलायचा नाही."

"निशाण मी काढलंच नव्हतं."

"तू काढलं नसशील. तिथे होतं."

"माझ्या सासूबाई त्याच्या पायथ्याशी मासे विकायच्या," एक बाई म्हणाली. "शेवटपर्यंत सांगायच्या, दुपारी त्याची सावली पाटीवर यायची म्हणून."

पेंटरने हात जोडले. "ताई, सावली गोदामाची असेल."

"आमच्या सासूबाईंना गोदाम आणि मनोरा कळत नव्हता?"

पेंटरने मदतीसाठी लेकीकडे पाहिलं. सगळ्या जगात ही एक होती जिने तो पडदा रोज पाहिला होता, त्याच्या खाली रांगली होती. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा," ती हळू बोलली. तिला हळू बोलता येतं हे पेंटर विसरूनच गेला होता. "तुम्ही मला तिथे वर नेलं होतं."

"कुठे?"

"मनोऱ्यावर. खांद्यावर घेऊन. जिना गोल गोल होता. वर गेल्यावर वारा होता, आणि कठड्याला हात लावला तर माझ्या हाताला हिरवा रंग लागला. तुम्ही चिंधीने पुसलात. म्हणालात, हे सगळं शहर तुझं. आठवत नाही तुम्हाला?"

पेंटरला आठवत नव्हतं. पण चिंधीचं ऐकल्यावर टर्पेंटाइनचा वास आला. पाठोपाठ, कुठून कोण जाणे, दगडी जिन्याचा ओलसर वासही आला. तो खुर्चीवर बसला.

घरी आल्यावर लेकीने कपाटातले त्याचे शर्ट मोजल्यासारखे पाहिले. पेंटरला कळलं, हा तो आणखी एक घोटाळा. आणि गंमत बघा, या घोटाळ्यात त्याची दोन्हीकडून कोंडी. मनोरा होता असं मान्य करावं, तर अख्ख्या गावाला दिसणारा मनोरा हा विसरला, म्हणजे डोकं कामातून गेलं, चला चौथ्या मजल्यावर. मनोरा नव्हता हे सिद्ध करावं, तर लेकीच्या हाताचा तो हिरवा रंग पुसायचा. पोरीकडे लहानपणचं फारसं काही नव्हतंच. बाप दिवसभर रंगात, आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांड्यांत. एक ती मनोऱ्यावरची सकाळ होती म्हणे.

त्याने शेजारच्या इस्त्रीवालीला विचारलं, कारण ती कुणाचीच भीड ठेवत नसे. "वहिनी, जकात कचेरीच्या बाजूला मनोरा होता का हो?"

"होता की."

"नक्की?"

"आमच्या भिंतीवर फोटो आहे ना!"

"तो फोटो माझ्या पडद्यासमोरचा आहे."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. "मग तुम्ही बघितल्याशिवाय काढलात होय?"

तिथे पेंटर अडकला. शिवण होती हे खरं. दोरा त्याच्या बोटांना अजून आठवत होता. पण शिवण होती म्हणून मनोरा नव्हता, हे कशावरून? शिवण लपवायला जागा शोधताना डोळ्यांसमोरचा खराच मनोरा त्याने तिथे आणून बसवला असेल तर? सज्जा त्या कडीचा केला की सज्जा होता म्हणून कडी बरी सापडली? परवापर्यंत हे सगळं लख्ख होतं. आता एक प्रश्न सोडवावा तर त्याच्या पोटातून दुसरा बाहेर.

तो एकटाच मॅडमकडे गेला. म्हणाला, तुमच्याकडे नकाशे असतील, बघा की. मॅडमने आधी चष्मा शोधला, मग नकाशा पसरला. जकात कचेरी आणि गोदाम यांच्यामध्ये एक काळा ठिपका होता.

"हा बघा, हा काहीतरी आहे," ती म्हणाली. "पण काका, याच नकाशात पाण्याच्या पंपालाही असाच ठिपका आहे. आणि दिव्याच्या खांबालाही."

"फोटोत?"

तिने काचेवरून काढलेल्या प्रती दाखवल्या. एकीत तिथे जहाजाचा धूर. दुसरीत डोलकाठ्यांचं जंगल. बाकीच्यांमध्ये फोटो नेमका त्या जागेच्या अलीकडे संपलेला.

"इथे कापलंय का?"

"नाही, असंच टिपलंय. त्या बाजूला..." मॅडम अडखळली.

"त्या बाजूला आम्हा कामकऱ्यांच्या खोल्या होत्या," पेंटर म्हणाला. त्याचा आवाज चढला. "पुढे पाडून शेड बांधली तिथे. तुमच्या साहेबांनी कॅमेरा जरासा इकडे वळवला असता तर काय मान मोडली असती? जहाजाचा एक एक खिळा टिपून ठेवलाय आणि एवढं शहर इथे राहत होतं, ते धुरात! आता मला विचारता मनोरा होता का. मी काय कचेरीचा डोळा आहे?"

मॅडमने त्याला पाणी दिलं. बिचारीचा दोष नव्हता, ती तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ती म्हणाली, "काका, मला फोटोंखाली काहीतरी लिहावं लागेल. तुम्ही पडदा काढलात, तुम्ही सांगाल तेच लिहीन."

"मग 'अजून ठरलं नाही' असं लिहा," पेंटर म्हणाला आणि तरातरा निघाला. दाराऐवजी कपाट उघडलं, ते बंद केलं, आणि मग दार.

लेक पुढच्या सुट्टीला आली ती रिकाम्या पिशव्या घेऊनच. पेंटरने पिशव्या पाहिल्या. कितीही वळवून बोलायचं ठरवलं तरी त्याच्याच्याने ते झालं नाही.

"पोरी, मला वाटतं तो मनोरा म्हणजे पडदाच. पडदा ओला असताना मी तुला खांद्यावर घेऊन शिडीवर चढलो असेन. सज्ज्याला तू हात लावलास, तोच हिरवा रंग."

"शिडी?" लेक भडकली. "गोल जिना होता म्हणते मी! शिडी सरळ असते. आणि वारा?"

"रंग सुकवायला आम्ही पंखा लावायचो."

"बाबा, मी दिवसभर बसच्या दारात लटकते. पंखा आणि वारा यांतला फरक मला कळत नाही?"

"मग तू सांग, कुठे होता तो?"

"तिथेच होता! जकात कचेरीच्या..." ती थांबली. "उजवीकडे." मग डोळे मिटून हात हलवले, आपण कुठे उभे आहोत ते ठरवल्यासारखे. "म्हणजे समुद्राकडून उजवीकडे. गल्लीतून डावीकडे. नाही, थांबा."

ती बराच वेळ हात हलवत राहिली. शेवटी तिने पिशव्या खुर्चीवर टाकल्या. "चला."

"कुठे?"

"जिना बघायला. धान्याचं गोदाम अजून उभं आहे. त्याला जिना आहे. कदाचित तोच असेल आणि मी मनोरा समजत असेन. चढल्यावर मला कळेल. पायाला कळतं."

गोदामात आता कचेऱ्या झाल्या होत्या. पहारेकऱ्याने अडवलं, तर लेकीने त्याला प्रवाशाला दटावतात तसं दटावलं, "प्रदर्शनाचं काम आहे, सरका बाजूला," आणि तो सरकला. जिना दगडी होता. गोल नव्हता, पण इतक्या ठिकाणी वळत होता की गोल म्हणायलाही हरकत नव्हती. पेंटर धापा टाकत होता. मधल्या एका कोपऱ्यावर ओलसर वास आला आणि तो ओरडला, "हाच!" लेक म्हणाली, "हा संडासाचा आहे." पुढच्या वळणावर तीच थबकली. "इथे तुम्ही मला खाली ठेवलं होतंत. दम लागला म्हणून." मग स्वतःच मान हलवली. "की आत्ता तुम्हाला दम लागलाय म्हणून मला तसं वाटतंय?"

वर लांबलचक सपाट गच्ची होती. वारा होता, भरपूर. कठडा होता, पण तपकिरी. लेकीने नखाने रंग खरवडला. खाली राखाडी निघाला, त्याच्या खाली पिवळा, त्याच्या खाली लोखंड. खाली बंदरात आता जहाजं म्हणजे लोखंडी खोक्यांचे डोंगर. शहराच्या इमारती इतक्या उंच झालेल्या की जकात कचेरीचा घुमट त्यांच्या गुडघ्याशी बसलेला. ज्या जागेवर मनोरा असायचा ती जागा शोधायला दोघांनी बोटं लांब केली, तर दोन बोटं दोन दिशांना.

"हाच का जिना?" पेंटरने विचारलं.

"सज्जा गोल होता."

"गोल मी काढला."

"गोल होता म्हणून काढलात!"

"असेल," पेंटर म्हणाला. तो कठड्याला टेकला. आता लपवाछपवी करायचं त्राण नव्हतं. "पोरी, मला खरंच माहीत नाही. परवापर्यंत माहीत होतं. आता विचार करायला लागलं की मी तुला घेऊन चढताना दिसतो, पण दिसतो तो मागून. स्वतःची पाठ कुणाला दिसते का? म्हणजे ते माझं नाही, तुझं ऐकून बसलेलं आहे. पण तूही तिथे स्वतःची पाठच बघतेस का, ते मला कळत नाही. आता यात डोकं माझंच गेलंय असं तुला वाटत असेल तर भर पिशव्या."

लेक डोळे बारीक करून काहीतरी बघत होती, समोर नाही, आत. तिला बहुधा एका लहान मुलीची वेणी दिसत होती, मागून.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. जावई होता. घरी खोली रिकामी करत होता बिचारा.

"हं, बोला... कपाट? नाही, सरकवू नका. राहू दे तिथेच... का म्हणजे? येत नाहीयेत बाबा. ... नाही, आत्ता तरी नाही... ठीक आहेत का? ते मी कशावरून सांगू? मलाच... नाही हो, मी बरी आहे. गच्चीवर आहे. कुणाच्या गच्चीवर ते आल्यावर सांगते." तिने फोन पर्समध्ये टाकला आणि बापाकडे न बघता म्हणाली, "पण गॅसला हात लावून बघायचं बंद करा. भाजलेलं दिसतंय मला. ते बटण बघायचं असतं."

"बरं."

"आणि रोज मी फोन करणार. उचलायचा."

"उचलीन."

"चला मग, उतरू."

गच्चीला दोन दारं होती. हुबेहूब सारखी, शेजारी शेजारी नाहीत, दोन टोकांना. दोन्ही बंद. पेंटरने डाव्या दाराकडे बोट दाखवलं, लेकीने उजव्या, आणि एकमेकांचं बघून दोघांनीही एकाच वेळी आपलं बोट बदललं.